कळा थांबवल्या ती संध्याकाळ

फिनेलचा वास आला की ती संध्याकाळ आठवते. तारीख उलटली म्हणून कळा येण्यासाठी दुपारी मला सलाईन लावलं होतं, पण दिवस मावळला तरी कळा येऊन विरून जात होत्या. "पोट कापा, पण सोडवा," मी डॉक्टरीणबाईंना म्हणाले. त्यांनी बाळाचे ठोके ऐकले आणि सलाईन बंद केलं. "बाळ छान आहे, तूच दमलीयस. आज झोप. सकाळी सुरू केलं की बऱ्याचदा लवकर सुटका होते." पाचूबंदरला मासळी विकून तशीच आलेली सासू पाय चेपत म्हणाली, "निज गो, मी हाय." सकाळी पुन्हा सलाईन लागलं आणि दुपारच्या आत मुलगी झाली. आता ती विचारते, "मला पहिल्यांदा बघून काय वाटलं?" खरं तेच सांगते, "बाळा, झोप आली."