आधी विचारणाऱ्याने सांगायचे

दिनांक १४ मार्च रोजी मानसिक आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेच्या तज्ज्ञ समितीने आमच्या सर्व मुलाखती अहवालाच्या मुख्य भागातून काढून परिशिष्टात टाकल्या. मुलाखती घेणारा स्वतःच फार बोलला आहे, असे कारण दिले. या निर्णयाविरुद्धची माझी तक्रार मी येथे नोंदवून ठेवतो. पाणीपुरवठा, रस्त्यावरचे दिवे, शेजाऱ्यांचा मिक्सर या विषयांवरच्या माझ्या तक्रारी निरनिराळ्या कार्यालयांत धूळ खात पडल्या आहेत. हिचे तसे होऊ नये, म्हणून ही थेट वाचकांकडे आणली आहे.

समितीने ज्याला 'फार बोलणारा' ठरवले, तो माणूस जन्मभर मोजकेच बोलत आला. हे मी अधिकाराने सांगतो, कारण मी त्याच्याबरोबर राहतो. तो सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करतो. आमच्या घराची पुढची खोली हाच त्याचा कारखाना: भिंतीला टेकवलेल्या रेक्झीनच्या गुंडाळ्या, कोपऱ्यात स्पंजचे तुकडे आणि मध्यभागी कोणाचा ना कोणाचा पोट फाटलेला सोफा. खिळे तोंडात धरायचे आणि एकेक काढून ठोकायचा, ही त्याची पद्धत. ती त्याला मामाने शिकवली. लग्नाचा विषय निघाला की मामा-भाचे दोघेही तोंडात खिळे भरत. विषय तिथेच मिटे.

आमच्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीतील खुर्च्या दुरुस्त करायला तो आला होता. एक खुर्ची डावीकडे कलते, अशी मी लेखी तक्रार केली. तो पाहून गेला. खुर्ची सरळ होती, फरशी कलती होती. तरीही तो पुन्हा आला, आणि त्यानंतरही येत राहिला. तेव्हापासून मी त्याचा 'सर' आहे. गल्लीच्या हिशेबी आमच्यातला एक घरमालक आणि एक भाडेकरू. कोणता कोण, यावर गल्लीत एकमत नाही.

गेल्या वर्षी त्या संस्थेतल्या संशोधकबाई आल्या. समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी माणसांच्या मानसिक आरोग्याचा त्यांना अभ्यास करायचा होता. मात्र आमच्यावर नव्हे, आमच्याबरोबर. प्रश्न आम्ही ठरवायचे, आम्हीच विचारायचे आणि उत्तरांचा अर्थही आम्हीच लावायचा. हे वाक्य मी त्यांच्याकडून लिहून घेतले. बैठका आमच्या पुढच्या खोलीत भरू लागल्या, कारण इतक्या खुर्च्या दुसऱ्या कोणाकडे नव्हत्या. त्यांतल्या निम्म्यांवर बसता येत नव्हते, ही गोष्ट वेगळी.

नियम घातला तो आमच्यातल्या कंडक्टरबाईंनी. त्या बसमध्ये तिकिटे देतात. जन्मतः घरच्यांनी त्यांना मुलगा समजण्याची चूक केली होती.

“उभं आयुष्य लोक मला विचारत आलेत, तुम्ही नक्की कोण?” त्या म्हणाल्या. “मी म्हणते, आधी उतरायचं कुठं ते सांगा. विचारणारा स्वतःचं काही सांगतच नाही. आपल्यात असं नको. जो विचारेल, त्यानं आधी सांगायचं.”

“पण त्याचा उत्तरांवर परिणाम होईल,” संशोधकबाई म्हणाल्या.

“व्हायलाच हवा की.”

मग विचारणार कोण, असा प्रश्न आला. सगळ्यांनी सोफावाल्याकडे पाहिले. त्याचे तोंड खिळ्यांनी भरलेले असल्यामुळे त्याला नकार देता आला नाही.

पहिल्या मुलाखतीला एक परिचारिका आली. तिने जे सांगितले ते येथे लिहायला तिची परवानगी आहे. ती अर्धवट शिवलेल्या सोफ्यावर बसली. मी कोपऱ्यात टिपणे घेत होतो.

“माझं सगळं छान आहे हो भाऊ,” ती म्हणाली. “ड्युटी, घर, झोप.”

पुढचा प्रश्न होता, मन खचलं की कोणाकडे जाता? नियमाप्रमाणे उत्तर आधी त्याने द्यायचे होते. आम्ही एकमेकांचे कोण, हे त्याने आजवर स्वतःच्या तोंडाने कोणालाही सांगितले नव्हते, मामालासुद्धा नाही. त्याने तोंडातले खिळे एकेक करून डबीत टाकले. माझे लेखन थांबले.

“कुठं जात नाही,” तो म्हणाला. “घरी सर असतात. हेच, कोपऱ्यातले. आम्ही दोघं एकमेकांचे आहोत, भाडंबिडं काही नाही. जीव घाबरा झाला की मी म्हणतो, सर, एखादी तक्रार वाचून दाखव. मग तो नळाच्या पाण्याची वाचतो. ऐकता ऐकता छातीवरचं ओझं उतरतं.”

“आणि नाही उतरलं तर?”

“तर रस्त्यावरच्या दिव्यांची. ती मोठी आहे.”

परिचारिका हसली. हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, “माझी गेली, भाऊ. वॉर्डात सगळ्यांनी विचारलं, रूममेट होती ना? मी हो म्हटलं. रजासुद्धा मागितली नाही.” त्यानंतर बराच वेळ ती विचारत होती आणि तो सांगत होता, मग तो विचारत होता आणि ती सांगत होती. पुढच्या सगळ्या मुलाखती अशाच झाल्या.

माझ्या तक्रारी न्यायासाठी असतात, कोणाला झोप लागावी म्हणून नव्हे, असे मी त्या दिवशी जेवताना त्याला स्पष्ट सुनावले. तो 'बरं' म्हणाला आणि त्याने मला आणखी भात वाढला.

परिचारिका आता दर बैठकीला येते आणि त्याच सोफ्यावर बसते. त्यामुळे तो सोफा परत गेलेला नाही आणि त्याचा मालक आमच्याविरुद्ध तक्रार करण्याच्या बेतात आहे. करू दे. मसुदा हवा असेल तर मी देईन.

संशोधकबाई समितीशी भांडल्या, हे मान्य केले पाहिजे. उपयोग झाला नाही. एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने सांगायचे, हीच समितीच्या मते मुलाखत.

“छापलंय ना? मग मागं तर मागं,” सोफावाला म्हणाला. “तू कशाला डोकं तापवतोस, सर?” आणि घटकाभराने, “लिहिलंच असशील तर वाच की.”

मी ही तक्रार वाचली. पूर्ण होण्याआधी तो घोरू लागला.

वाचकहो, समितीकडे मला काही मागायचे नाही. मागणी तुमच्याकडे आहे. अहवाल हाती येईल तेव्हा तो मागून उघडा. परिशिष्ट वाचण्यापूर्वी, मन खचले की आपण कोणाकडे जातो, हे शेजारी असेल त्या माणसाला मोठ्याने सांगा. मग वाचा.