क्रोटनाचा रंग कुणी नेला

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या परसातल्या क्रोटनाचा रंग भरदिवसा चोरीला गेला होता आणि माझा संशय शेजारच्या काकूंवर होता. प्रकरण जुने आहे, तेव्हा माझ्या लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. पण तपशील मला अजून पाठ आहेत.

पनवेलच्या आमच्या बिऱ्हाडामागे चार खाटा मावतील एवढे परसू होते. एका बाजूला घराची भिंत, डोक्यावर फणस. ऊन यायचे ते कडेकडेने डोकावून परत जायचे. ह्यांना तिथे सरपणाची खोप बांधायची होती. मला हवी होती रंगीत झुडपे. शेवटी आषाढात करार झाला. दसऱ्यापर्यंत तिथे हिरव्याखेरीज दुसरा रंग दिसला तर जागा माझी, नाहीतर लाकडांची.

"आणि रंग खरा हवा," हे म्हणाले. कचेरीतला माणूस, बायकोच्या शब्दावरही सही-शिक्का मागणारा.

जास्वंदीला सावलीत नुसता पाला येतो, हे मी माहेरी पाहिले होते. म्हणजे रंग पानांतच शोधायला हवा. काकूंच्या अंगणात लाल-पिवळ्या ठिपक्यांचा क्रोटन होता. मागितला असता तर त्यांनी दिलाही असता. पण मागून आणलेली फांदी जगत नाही आणि गुपचूप आणलेली हमखास जगते, हे आमच्या आळीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होते. काकू दुपारी आडव्या झाल्या, मी कुंपणातून हात घातला आणि दोन फांद्या घेतल्या.

फांद्या जगल्या. जगल्या म्हणजे काय, माजल्या. पण प्रत्येक नवे पान आधीच्यापेक्षा हिरवे. श्रावणात तर ओळख पटेना. मला एकच उत्तर सुचले: काकूंना चोरी कळली आणि त्यांनी गुपचूप फांद्या बदलल्या. मी खुणेला दोन्ही रोपांना तांबडा दोरा बांधला. रोज दुपारी मागच्या दाराच्या फटीतून पहारा केला. काकू कुंपणापाशी आल्या की उगीच खोकायचे. त्याही खोकायच्या. चोरीच्या मालाची तक्रार तरी कुठे करणार?

एक दिवस काकूंनीच विचारले, "काय गं, हल्ली दुपारची झोपत नाहीस?"

"झोप येत नाही, काकू."

"मलाही नाही येत. फांद्या कमी होतात ना झाडाच्या."

यानंतर दोन दिवस मी परसात गेले नाही.

गव्हाण गावाहून डोक्यावर टोपली घेऊन भाजी विकायला एक बाई यायची. तिला मी शेवटी दोरा बांधलेली रोपे दाखवली आणि माझा संशय हळू आवाजात सांगितला. ती मनसोक्त हसली.

"कुनी नाय बदलला, बाय. या झाडाला ऊन लागतं. सावलीन ठेवलास, आता हिरवाच व्हनार."

"मग सावलीत रंग येणारं काहीच नाही?"

"हाय ना. रंगीत अळू. पन खायाचा नाय हां, घसा धरंल."

पुढच्या खेपेला तिने मूठभर कंद आणले. कंद पाहून मला तिचाही संशय आला, हे तर आल्याचे तुकडे दिसत होते. तरी पुरले. महिनाभरात गुलाबी शिरांची, पांढऱ्या ठिपक्यांची, कडेला हिरवी किनार असलेली पाने उघडली. फणसाखालचा अंधार नटूनथटून बसल्यासारखा दिसू लागला.

दसऱ्याला सकाळीच खोपीचे बांबू येऊन पडले होते. हे परसात आले, पाने पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. मी रांगोळीच्या रंगांची वाटी घेऊन उभी होते, हेच चुकले.

"रंगवलीस का?"

"तुम्हीच बघा."

त्यांनी बोटाला थुंकी लावली, वाकून एक गुलाबी पान धरले आणि कचेरीतला शिक्का तपासावा तसे चोळू लागले. बोट उजेडात धरून पाहिले. पुन्हा चोळले. बोटाला रंग लागला तर खोप, नाहीतर माझी बाग.

तेवढ्यात कुंपणापलीकडे काकूंना राहवले नाही. त्या म्हणाल्या, "अहो, कशाला पान फाडताय? मी पहाटेच येऊन चोळून पाहिलं, रंग जात नाही."