किटल्यांच्या छापाचं पोतं

ऑर्व्हल टीग बोलायला फार जड. लग्नाची मागणी घालतानाच त्याचे निम्मे शब्द खर्ची पडले आणि उरलेले तो म्हातारपणासाठी राखून आहे, असं अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या त्याच्या गावात म्हणत. बायको लेटा, थोड्या गाई, पुष्कळ कोंबड्या, असा त्याचा संसार.

१९३०च्या दशकातल्या मंदीची वर्षं होती. कोंबड्यांचं खाद्य विकणाऱ्या गिरण्या पोती छापील सुती कापडाची शिवू लागल्या होत्या. पोतं रिकामं झालं की बायका ते उसवून, धुऊन झगे शिवत. एका झग्याला तीन पोती लागत. लेटाकडे पिवळ्यावर निळ्या किटल्यांची दोन होती आणि बहिणीचं लग्न जवळ आलं होतं.

"दुकानात चाललायस ना? त्याच छापाचं आणखी एक आण," ती म्हणाली.

त्यानं आणलं. हिरव्यावर घोड्याचे नाल.

लेटा पोत्याकडे बघत राहिली. "मी त्याच छापाचं म्हटलं होतं."

"तोच आहे." ऑर्व्हलनं पोत्यावर चिकटवलेल्या कागदावर बोट ठेवलं. "कोंबडा छाप. आपण कायम हाच घेतो."

"कापडावरचा छाप, ऑर्व्हल."

त्यानं कापड नीट पाहिलं. इतकी वर्षं ही पोती खांद्यावरून वाहिली, पण त्यांच्यावर चित्रं असतात हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लेटानं किटल्यांची चिंधी त्याच्या टोपीत खोचून दिली. दुकानदार वेंडल हाऊकनं ती बघून सुस्कारा सोडला. "बायकांना हवं ते पोतं नेमकं थप्पीच्या तळाशी असतं. त्या बोट दाखवतात, कंबर माझी जाते."

दोघांनी मिळून अख्खी थप्पी उतरवली. किटल्या नव्हत्या.

"हां, शेवटचं प्रुइटबाईंनी नेलं," वेंडलला तेव्हा आठवलं.

"हे थप्पी उतरवायच्या आधी आठवलं असतं तर बरं झालं असतं," ऑर्व्हल म्हणाला. एवढं लांब वाक्य वेंडलनं त्याच्या तोंडून प्रथमच ऐकलं.

प्रुइटबाईंनी त्याला दारातच उभं केलं. "देईन की. पण मला पडद्यांसाठी लाल गुलाबांचं एक कमी पडतंय. ते डॉट नीलीकडे आहे. बघ देते का."

डॉट नीलीला गुलाब नकोच होते. तिला सगळे मुलगेच, आणि गुलाबांचे सदरे घालून त्यांना शाळेत धाडायचा तिला धीर होईना. "घोडे-बिडे असलेलं काही आहे का रे तुझ्याकडे?"

"घोडे नाहीत," ऑर्व्हल म्हणाला. "नाल आहेत."

घरी येऊन त्यानं पोतं रिकामं केलं. पिंपात मावलं नाही ते खाद्य कोंबड्यांपुढे पडलं. त्या दोन दिवस जागच्या हलल्या नाहीत. नाल डॉटकडे गेले, गुलाब प्रुइटबाईंकडे आणि किटल्या लेटाकडे आल्या. लग्नात बहिणीनं विचारलं, "कापड कुठलं गं?"

"ऑर्व्हलनं आणलं," लेटा म्हणाली, आणि त्याच्या कोटाची कॉलर उगाच सरळ केली. ऑर्व्हलला बरं वाटलं.

पण तेव्हापासून त्याला पोती दिसू लागली. रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावरची कुठली बाई कुठल्या महिन्याचं खाद्य अंगावर घालून आली आहे, हे त्याला बसल्या जागी कळे. प्रार्थनेत लक्ष लागेना.

पुढच्या वसंतात गिरणीचा माणूस नवे नमुने घेऊन आला, तेव्हा वेंडलनं ऑर्व्हलला बोलावून घेतलं. ऑर्व्हलनं सगळे नमुने उजेडात धरून पाहिले.

"जहाजं नकोत."

"का?"

"इथे समुद्र कुणी पाहिलाय?"

वेंडलनं तरीही जहाजं मागवली. खपली नाहीत. शेवटी त्याच्या बायकोनं त्यांची चादर शिवली आणि पलंगावर फक्त त्याच्या बाजूला अंथरली.