दुधी काचेची उजेडाकडची बाजू

आधी पूर्ण अंधार. तिसऱ्या घंटेनंतर नाट्यगृहात असतो तसा, शेजारच्याचा श्वास ऐकू यावा इतका. मग खट्ट असा आवाज होतो आणि खोलीच्या एका टोकाला दिवा लागतो. दिव्यासमोर छातीइतक्या उंचीची लाकडी चौकट, चौकटीत उभी केलेली दुधी काच, आणि काचेच्या अलीकडे, अंधारात, बुटक्या स्टुलावर बसलेली एक बाई. भिंती काळ्या, छत काळं, बाईच्या अंगातला कोटही काळा. दिसतात ते फक्त तिचे दोन हात आणि चष्म्याच्या काचा.

कारखान्यात तिला सगळे मोजणीबाई म्हणत. तिथे दुधी काच तयार होई. न्हाणीघराच्या खिडक्या, कचेऱ्यांतली पार्टिशनं, दवाखान्यांची दारं, जिथे जिथे उजेड हवा पण नजर नको, तिथली ही काच. उजेड किती आला आणि नजर किती अडली हे ठरवायचं काम गेली तीस वर्षं मोजणीबाईचं. तिने मान हलवल्याशिवाय एकही तावदान पेटीत जात नसे.

पहिली परीक्षा यंत्राची. काचेतून आलेला उजेड आतून पांढऱ्या रंगवलेल्या एका पोकळ गोळ्यात जमा होई आणि गोळ्याला जोडलेला काटा शंभरापैकी आकडा दाखवी. पण काटा बिचारा नुसता उजेड मोजणारा. सारख्याच आकड्याच्या दोन काचा असतात, एकीतून माणूस ओळखू येतो, दुसरीतून नुसतं धुकं. म्हणून दुसरी परीक्षा डोळ्यांची. पेट्या भरणाऱ्या बायकांपैकी एकजण दिव्याच्या बाजूला जाऊन काचेला पंजा टेकवी. टेकवलेला पंजा अलीकडून स्वच्छ दिसतो, पाची बोटं मोजून घ्यावीत. शेजारच्या खोलीत काचेवर वाळूचा फवारा मारणारं यंत्र दिवसभर किंचाळत असे, बोलणं ऐकू येण्याची सोय नव्हती. मोजणीबाई हात वर करून दोन बोटं झटकी. मागे. पलीकडची बाई चौकटीवरून ते पाही आणि पंजा इंचाइंचाने मागे घेई. आधी बोटं एकमेकांत मिसळत, मग पंजाच विरघळून जाई. कितव्या इंचावर विरघळला ते वहीत उतरवलं जाई, आणि पुढची काच.

पंजा टेकवायला बहुधा पेटीवाली येई. चाळिशीची, तोंडाने फटकळ, मनाने लोण्याचा गोळा. जेवणाच्या सुट्टीत ती सगळ्यांना मोजणीबाईची नक्कल करून दाखवी. "एवढी बोटं झटकून माझ्या सासूला मागे सारलं असतं, तर संसार सुखाचा झाला असता," म्हणे.

मोजणीबाईचा संसार म्हणजे धाकटी बहीण. दोघी दोन खोल्यांत राहत. धाकटी घरीच लहान मुलांचे कपडे शिवी आणि मशीनच्या आवाजावर मात करत दिवसभर बोले. ताईच्या कामाची तर तिला फार गंमत वाटे. गिऱ्हाइकांना सांगायची, "आमची ताई जन्मभर काचेपलीकडे टक लावून बसलीय, आणि पलीकडे कुणी नसतंच." गिऱ्हाईक हसे. ताईही हसे.

धाकटीच्या छातीत संसर्ग झाला आणि तिला दवाखान्यात वेगळ्या खोलीत ठेवलं. भेटायला बंदी. नातेवाइकांसाठी बोळात एक बाक होतं, बाकासमोर दुधी काचेचं पार्टिशन, आणि पार्टिशनला लागूनच आत धाकटीची खाट. मोजणीबाईने पहिल्याच दिवशी काच ओळखली. आपलीच. बहात्तर टक्के उजेड, नऊ इंचांवर पंजा नाहीसा. तिने नर्सला तसं सांगितलंही, थोडं मिरवतच. नर्स म्हणाली, बरं झालं, पुसायलाही सोपी आहे.

चौथ्या दिवशी दुपारची वेळ. तीन रात्रींचं जागरण डोळ्यांत साचलेलं. मोजणीबाई बाकावर बसून काचेकडे पाहत होती, आणि काचेवर पंजा उमटला. पाच बोटं, काठ कोरल्यासारखे. मोजणीबाईच्या मनात काय आलं? जे तीस वर्षं येत होतं तेच. चांगली उतरलीय काच, कुठे डाग नाही. आणि तिचा हात आपोआप वर गेला. दोन बोटं झटकली गेली. मागे.

पंजा मागे सरकला. बोटं मिसळली. ती इंच मोजत राहिली. नऊला पंजा गेला, आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

ती उठली, तेवढ्यात नर्स बाहेर आली. आता त्यांना झोप लागतेय, काचेवर वाजवू नका, म्हणाली. मोजणीबाई पुन्हा बाकावर बसली. दुसऱ्या दिवशी पहाटेच धाकटी गेली.

विचारायला आलेल्या सगळ्यांना तिने एकच सांगितलं. माझा डोळा लागला होता, मला काही दिसलं नाही.

पंधरा दिवसांनी ती कामावर परतली. दिवा लावला, काच उभी केली. आधी काटा एक घर खाली आला, कुणीतरी मध्ये उभं राहावं तसा. मग काचेवर पंजा उमटला. तिला वाटलं, पेटीवाली आली असेल. चौकटीवरून डोकावून पाहिलं, पलीकडे कुणी नव्हतं. मागे जाऊन काचेवरून हात फिरवला. काच थंड, कोरडी, बोटांची खूणही नाही. स्टुलावर येऊन बसली, तर पंजा होताच.

मग ते रोजचंच झालं. कधी सकाळच्या तिसऱ्या काचेला, कधी दुपारच्या शेवटच्या. पंजा येई आणि थांबे. वाट पाहत असल्यासारखा थांबे. मोजणीबाई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसे, चुकूनही बोटं हलू नयेत म्हणून. पंजा आपण होऊन जाईपर्यंत पुढची काच चौकटीत येत नसे. काचेवर काच साठत गेली. साहेब दोनदा येऊन गेले. पहिल्यांदा चांगल्या शब्दांत म्हणाले, थोडी विश्रांती घ्या. दुसऱ्यांदा म्हणाले, नाहीतर कायमची घ्या. विश्रांतीने पंजा जाणार नव्हता, आणि तो जावा असं तिला खरोखर वाटत होतं की नाही, हेही तिचं तिला कळत नव्हतं.

शेवटी तिला बोलतं केलं ते पेटीवालीनेच. जेवणाच्या सुट्टीत यंत्र बंद झालं, तशी ती डबा घेऊन काळ्या खोलीत आली आणि दाराला पाठ लावून बसली. सांगितल्याशिवाय उठायची नाही, म्हणाली. मोजणीबाईने सगळं सांगितलं. पंजाचं, खुणेचं, डोळा लागल्याच्या थापेचं. सांगून झाल्यावर म्हणाली, "तिने मला बोलावलं आणि मी तिला हाकललं. तिला माझी खूण दिसली असेल का गं? एवढंच मला कळायला हवंय."

पेटीवालीने घास तसाच धरून ठेवला. समजूत घालावी, तर तिला तसलं काही येत नव्हतं. मग म्हणाली, "बाई, मग मोजा की. तुम्हाला दुसरं येतंय काय?"

दुसऱ्याच दिवशी मोजणीबाई टेप घेऊन दवाखान्यात गेली. बाकापासून काचेपर्यंत चार फूट दोन इंच. पहारेकऱ्याने विचारलं, बाक विकत घेताय की काय? ती टेप गुंडाळून निघाली. कारखान्यात दर मालातलं एक तावदान नमुना म्हणून ठेवत. दवाखान्याच्या मालाचा नमुना तिने मांडणीतून काढला, पुसला, चौकटीत उभा केला. सुट्टीची वेळ, सगळीकडे शांत. पेटीवालीला तिने दिव्याच्या बाजूला पाठवलं आणि आपण सवयीने स्टुलावर बसली.

पेटीवाली चौकटीवरून तिच्याकडे पाहत राहिली. "बाई, खिडकी कुठल्या बाजूला होती? बहिणीच्या, की तुमच्या?"

खिडकी धाकटीच्या खाटेच्या वर होती. ऊन तिच्याकडे होतं. बोळात तर दिवसाही अंधार. तीस वर्षं मोजणीबाई अंधाराच्या बाजूला बसून काचेकडे पाहत आली होती. हजारो काचा तिने पास केल्या, पण उजेडाच्या बाजूने त्या कशा दिसतात, हे तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

दोघींनी जागा बदलल्या. मोजणीबाई दिव्याकडे पाठ करून, काचेला लागून, खाली जमिनीवर बसली. पेटीवालीने स्टूल चार फूट दोन इंचांवर ओढलं.

समोर पांढरं होतं. ती काच वाटतच नव्हती. चुन्याने सारवलेली भिंत जणू, अगदी नाकासमोर.

"कर खूण," मोजणीबाई म्हणाली.

"तीनदा केली की."

"उभी राहून कर. दोन्ही हात हलव."

कपड्यांची सळसळ ऐकू आली. चप्पल घासली. काचेवर काहीच हललं नाही. बोट नाही, सावली नाही, पलीकडे माणूस आहे याचा मागमूस नाही.

तर धाकटीला खूण दिसली नव्हती. तिला कुणी हाकललं नव्हतं. मोजणीबाईच्या छातीवरची शिळा हलली, आणि हलली तशी दुसऱ्या अंगावर आली. खूण दिसली नव्हती, तशी ताईही दिसली नव्हती. चार दिवस त्या पोरीने ही पांढरी भिंत पाहिली. हात टेकवला, पलीकडून कुणी हात लावतंय का याची वाट पाहिली, आणि हात दमला तेव्हा मागे घेतला. त्या बडबडीची शेवटची गोष्ट ऐकायला समोर कुणी नव्हतं.

पेटीवालीने विचारलं, बाई, रडताय का? मग ती दोन पावलं पुढे आली आणि काही न सांगता तिने काचेला आपला पंजा टेकवला.

भिंतीत पाच गुलाबी ठिपके उमटले. खाली तळव्याचा फिकट चंद्र. मोजणीबाईने आपला हात उचलला आणि त्यावर ठेवला, बोटावर बोट येईल असा. काच हळूहळू ऊब धरू लागली. शेजारी वाळूचं यंत्र सुरू झालं, सुट्टी संपली होती, आणि त्या आवाजातही पेटीवालीला शब्द ऐकू आले, कारण मोजणीबाईने तोंड काचेला लावलं होतं.

"आता दिसलीस गं. हात काढू नकोस."