दसरा सुट्टीत आला, मला कळलंच नाही

मंडळी, आठवड्याचा शीण अंगात असतानाच आज सकाळी परदेशातल्या आमच्या न्यूनेन गावातून नेपाळच्या होमस्टेवाल्या दीदींना फोन लावला. ऑक्टोबरात मुलीला शाळेची सुट्टी, विमान स्वस्त, म्हणून आम्हा तिघांची तिकिटं काढून ठेवली होती.

त्या हिंदीत म्हणाल्या, "भाईसाब, तेव्हा दशैं आहे, तुमचा दसरा. घर बंद, आम्ही गावी."

रोज देवापुढे बसणारा मी. पण तारीख शाळेच्या वेळापत्रकात पाहिली, पंचांगात नाही. आता राहायचं कुठे? तिकिटं काढून बसल्याचं मी सांगून टाकलं.

दीदी हसल्या. "मग गावीच या. माझ्या सासूबाई सगळ्यांना टिळा लावून आशीर्वाद देतात."

स्पीकरवर ऐकणारी मुलगी कुजबुजली, "बाबा, वी डोन्ट नो देम!"

खरंय. पण इथे आल्यापासून बारा वर्षांत दसऱ्याला मी कुणा वडीलधाऱ्यांच्या पाया पडलेलो नाही. "येतो," म्हणालो.

तुम्ही इथे कुणाच्या पाया पडता?