कमांडंटच्या पेटीतले पीच

आम्हा दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर शेतकऱ्यांचा कमांडंट लोडेवाइक टेरब्लान्श इंग्रजांपेक्षा आपल्याच माणसांवर जास्त पाळत ठेवायचा. त्याला आम्हीच मतं देऊन निवडलं होतं. विरोधात कोणी मत दिलं, ते मात्र तो मरेपर्यंत शोधत राहिला.

युद्ध संपल्यावर त्यानं आमच्या रिवाजाप्रमाणे स्वतःची शवपेटी करून माळ्यावर ठेवली आणि तिच्यात सुके पीच भरले. पीच कमी होऊ लागले. संशय शेजारच्या नोडेवर, कारण तो लढाईत शरण गेला होता. चोर पकडायला एका रविवारी कमांडंट चर्च बुडवून पेटीतच लपला.

झाकण उघडलं ते प्रवचन अर्धं टाकून आलेल्या त्याच्याच बायकोनं, हेस्टरनं.

"तू? घरातच फितुरी?"

"नोडेच्या पोरांना नेते. उपाशी आहेत ती. आधी उठा, पीच चेंगरतायत!"

दोन महिने तो तिच्याशी बोलला नाही आणि मग वारलाच. पेटी उचलायला नोडे सर्वांत पुढे होता. ती भलतीच जड लागली.

"वहिनी, आत पीचसुद्धा आहेत का हो?" मी हळूच विचारलं.

"मुकाट्यानं खांदा द्या," हेस्टर कुजबुजली. "आतून ऐकतील ते!"