शेजारचे हायड्रोजन

चाचांचा, म्हणजे रझिया मॅडमच्या मिस्टरांचा, फोन आला तेव्हा मी जालन्याला आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रॅक्टिकलची तयारी करत होते. "बेटा, मॅडम गेली," ते म्हणाले. "चहा ठेवून उठवायला गेल्तो. झोपेतच... बिलकुल त्रास झाला न्हाई तिला." मी तिथल्याच स्टुलावर बसले. डोळे भरून आले, पण त्याआधी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. मॅडमच्या आजारपणात ज्या फोनची आम्हाला इतके दिवस धास्ती होती त्यात दवाखाना होता, नळ्या होत्या, कुणालाच न ओळखणाऱ्या मॅडम होत्या. तसलं काहीच झालं नाही. आता चाळिसाव्या दिवसाचा विधीही होऊन गेला, आणि रझिया मॅडमबद्दल लिहायला बसले तर दुःखाच्या सोबतीनं ते हायसं वाटणंही येतंय...

अंबडच्या कॉलेजात त्यांनी आम्हाला बीएस्सीला सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवलं. हा विषय म्हणजे नुसतं पाठांतर, अशी आम्हा खेड्यांतून आलेल्या मुलींची समजूत होती. "मॅडम, एवढ्या रिअ‍ॅक्शन पाठ कशा करायच्या?" असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. "पाठ करायला कोण सांगितलं तुला?" त्या म्हणाल्या. "इलेक्ट्रॉन कुठं जास्त हायेत, कुठं कमी हायेत, एवढंच बघ. जास्तीकडून कमीकडं बाण काढ." मी फळ्यावर जाऊन हायड्रोजनच्या प्लसपासून ऑक्सिजनकडे बाण काढला. ही चूक दरवर्षी अर्धा वर्ग करतो, हे आता मला शिकवताना कळतं. मॅडम रागावल्या नाहीत. "त्या प्लसकडं देण्यासारखं काही हाय का? मंग बाण त्याच्यापासून कसा निघंल?" मी पुसून उलटा काढला. त्या दिवशी वर्गातून बाहेर पडताना आपल्याला हे जमू शकतं, असं पहिल्यांदा वाटलं. पुढे त्याच विषयावर माझं पोट भरलं. वर्षानुवर्षं तेच प्रश्न ऐकून कंटाळा येत नाही का, असं मी नोकरीला लागल्यावर त्यांना विचारलं होतं. "प्रश्न जुना असंल," त्या म्हणाल्या, "पण ते लेकरू तर पहिल्यांदाच विचारून राह्यलं ना."

निवृत्तीनंतर संध्याकाळी त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत मुलं यायची, सतरंजीवर बसून शंका विचारायची. मग एका सकाळी मॅडमना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, आणि त्याहून वाईट म्हणजे शब्द गेले. समजायचं सगळं, पण पाणी हवं असलं की तोंडातून "खिडकी" निघायचं. आपण चुकीचं बोललो हेही कळायचं, आणि मग त्या डाव्या हातानं स्वतःच्या ओठांवर मारायच्या. चाचा दारातूनच मुलांना परत पाठवू लागले. हळूहळू कुणी येईनासं झालं. मी सुट्टीच्या दिवशी एसटीनं जायचे तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असायच्या.

अशाच एका दुपारी मी तिथं असताना पूजा नावाची मुलगी दारात आली. मोठ्या बहिणीनं पत्ता दिलेला, आजाराचं तिला ठाऊक नव्हतं. "मॅडमची तब्येत ठीक न्हाई बेटा," चाचा सांगत होते, तेवढ्यात आतून मॅडमनी पलंगाच्या कडेवर जोरात थाप मारली. पूजा आत आली आणि तिनं घडी केलेला कागद उलगडला. रेणूतले हायड्रोजन रेषांच्या रूपात दाखवणारा, इथाइल ब्रोमाइडचा एनएमआर आलेख होता; वर रेणूचं सूत्र लिहिलेलं. "मॅडम, या सीएच-थ्रीच्या तीन रेषा हायेत. त्याच्यात तीन हायड्रोजन, म्हणून तीन ना?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण मी तो कागद मॅडमसमोर धरला.

त्यांनी तोंड उघडलं, भलताच शब्द आला, त्या थांबल्या. मग डाव्या हातात पेन्सिल घेऊन त्यांनी सीएच-थ्रीचे हायड्रोजन खोडले आणि बाजूच्या सीएच-टूवर बोट ठेवलं. पूजाला कळेना. मॅडमनी स्वतःच्या छातीवर बोट टेकवून मान हलवली, नाही. मग पलीकडच्या बिऱ्हाडाच्या भिंतीकडे हात केला आणि दोन बोटं वर धरली. भिंतीपल्याड कुकरची शिट्टी झाली.

"शेजारचे मोजायचे?" पूजा सावकाश म्हणाली. "शेजारी दोन... अन् त्यात एक मिळवायचा, म्हणून तीन रेषा. मंग सीएच-टूच्या शेजारी तीन हायेत, तर त्याच्या चार?"

मॅडम हसल्या. झटका आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. आणि स्वच्छ म्हणाल्या, "बराबर."

चाचा स्वयंपाकघरात निघून गेले. बऱ्याच वेळानं चहा घेऊन आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते.

पूर्ण वाक्य मॅडमना पुन्हा कधीच आलं नाही. पण "बराबर", "न्हाई", "परत कर" एवढे शब्द परत आले, आणि शिकवायला ते पुरले. चाचांनी पलंगाशेजारी बसल्या जागी हात पोहोचेल असा पांढरा फळा लावला. पूजामागून तिच्या मैत्रिणी आल्या. शेवटच्या आठवड्यातही मॅडमचे डाव्या हातानं काढलेले वाकडेतिकडे बाण त्या फळ्यावर होते. शिकवता शिकवता गेल्या, एवढं मी आता निश्चिंत मनानं म्हणू शकते.

परवा अंबडला गेले. खोलीतला पलंग हलवला होता, दार उघडं होतं. सतरंजीवर दोन मुली एका रिअ‍ॅक्शनवरून हुज्जत घालत बसल्या होत्या. "मला त्यातलं काही कळत न्हाई," चाचा म्हणाले. "मी फक्त दार उघडतो अन् चहा करतो. येऊन राह्यल्या, बसून राह्यल्या... घर बरं वाटतं."

त्यांतली एक जण माझ्याकडे बघत जरा घुटमळली. "मॅडम, एक विचारू का? जरा येडाच प्रश्न हाय."

मी पर्स बाजूला ठेवली आणि तिच्या शेजारी सतरंजीवर बसले.